सापाच्या पेटीतील ऊब : तापमान मोजावे कोठे आणि कसे?

– प्रतिनिधी

ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील काही देशांत कॉर्न स्नेक व बॉल पायथन हे बिनविषारी साप अनेक घरांत पाळले जातात. साप शीतरक्ताचा प्राणी असल्याने त्याला शरीराची ऊब बाहेरून मिळवावी लागते. तिच्याविना त्याला खाल्लेले भक्ष्यही नीट पचत नाही. थंड हवामानात ही ऊब पुरविण्यासाठी काचपेटीच्या तळाखाली विजेवर तापणारी पातळ चटई, म्हणजेच ‘हीट मॅट’ बसविली जाते. साधन सोपे असले तरी त्यामुळे सापाचे पोट भाजण्याचे प्रकार घडतात. तापमान चुकीच्या जागी मोजणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण असते.

किती तापमान हवे?

पेटीचे एक टोक उष्ण आणि दुसरे थंड असावे, म्हणजे साप गरजेनुसार जागा बदलू शकतो. त्यासाठी मॅट तळाच्या साधारण एक-तृतीयांश भागाखालीच ठेवतात. कॉर्न स्नेकसाठी उष्ण टोकाला २८ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २० ते २४ अंश तापमान सर्वसाधारणपणे योग्य मानले जाते. बॉल पायथनला अनुक्रमे ३१ ते ३३ आणि २४ ते २६ अंश लागतात.

धोका कोठे आहे?

थर्मोस्टॅट नसेल तर मॅटवरील काच ४० अंशांच्याही पुढे तापू शकते. चटका बसताच माणूस हात मागे घेतो. साप मात्र तापलेल्या पृष्ठभागावर तसाच पडून राहून भाजल्याची उदाहरणे आहेत.

फसगत होते ती अंथरामुळे. लाकडाच्या भुशाचा जाड थर उष्णता अडवून धरतो. वरून मोजल्यास तापमान कमी दिसते, मालक थर्मोस्टॅट वाढवितो आणि भुशाखालची काच अधिकच तापते. भुसा उकरून खाली शिरण्याची सापाला सवय असल्याने त्याचे पोट थेट त्या काचेवर टेकते. म्हणूनच साप स्पर्श करू शकेल अशा सर्वांत उष्ण जागेचे, म्हणजे मॅटच्या मध्यावरील उघड्या काचेचे, तापमान मोजले पाहिजे. अंथरही पातळ ठेवावे.

दोन प्रोब आवश्यक

थर्मोस्टॅटचा प्रोब पेटीबाहेर, मॅट आणि काच यांच्यामध्ये बसविणे सोयीचे ठरते. आत ठेवलेला प्रोब सापाने सरकविला किंवा तो ओला झाला, तर थर्मोस्टॅटला पेटी थंड झाल्याचा भास होतो आणि मॅट तापतच राहते. दुसरा प्रोब स्वतंत्र डिजिटल तापमापकाचा असावा व तो आत, अंथराखाली काचेला टेकलेला असावा. थर्मोस्टॅटवरील आकडा काहीही असो, जुळवणी या आतील आकड्यावरून करावी. कमाल-किमान नोंद ठेवणारा तापमापक घेतल्यास रात्री काय घडले तेही सकाळी कळते. पेटीच्या आत चिकटपट्टी कधीही वापरू नये. ती खवल्यांना चिकटून त्वचा फाटू शकते. भिंतीवर चिकटविण्याची गोल घड्याळी मापके त्या जागेपुरतेच तापमान दाखवितात. तळाची काच किती तापली आहे, हे त्यांवरून कळत नाही.

इन्फ्रारेड तापमापकाने पृष्ठभाग चटकन तपासता येतो. मात्र तो काचेपलीकडचे मोजत नाही, काचेचेच तापमान दाखवितो. म्हणून पेटी उघडून, अंथर बाजूला सारून मोजावे. चकचकीत धातूवर त्याचा आकडा चुकतो. दूर धरल्यास तो मोठ्या वर्तुळाची सरासरी देतो, म्हणून जवळून मोजावे. त्याचा लेसर किरण सापाच्या डोळ्यांवर पडू देऊ नये.

तापमापकाची परीक्षा

कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून ढवळावे आणि जलरोधक प्रोब त्यात काही मिनिटे बुडवावा. आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे. मोठा फरक दिसल्यास उपकरण बदलावे. साप सोडण्यापूर्वी रिकामी पेटी किमान २४ तास चालवून नोंदी घ्याव्यात. थर्मोस्टॅट कमी आकड्यावरून हळूहळू वाढवावा. पेटीखाली हवा खेळती राहावी आणि वायरींवर पाणी सांडू नये, याची काळजी घ्यावी.

पोटाचे खवले लाल वा तपकिरी झाले किंवा फोड दिसले, तर मॅट बंद करून सापाला पशुवैद्यकाकडे न्यावे. घरगुती मलमे लावू नयेत.

भारतात काय?

नाग, धामण, अजगर यांसारखे देशी साप घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या, ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्रजातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक झाली असून त्याचे नियम २०२४ मध्ये आले. घरात साप शिरल्यास तो पेटीत न ठेवता वन विभागाला कळवावे.