अर्ध्या मोटारींचा इतिहास

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथातील रथाचा संवाद आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. मिलिंद राजा रथात बसून भेटीला आला, तेव्हा भदंत नागसेनांनी त्याला विचारले, की रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? की दांडी? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. सुटा असा एकही भाग रथ नव्हे आणि भागांवाचून रथ म्हणून वेगळे काही नाही. दोन हजार वर्षांनी हाच प्रश्न रशियाच्या पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोक बंदरातील जकात अंमलदारांपुढे येऊन उभा राहिला. फरक इतकाच, की तेथे उत्तरावर मोक्ष अवलंबून नव्हता, एका गावाची भाकरी अवलंबून होती.

या गावाची जागा आधी ध्यानात घ्यावी. 1860 साली वसलेले हे बंदर मॉस्कोपासून आगगाडीच्या वाटेने 9,288 किलोमीटर दूर आहे. जपान मात्र समोरचा समुद्र ओलांडला की आलाच. सोव्हिएत काळात येथे आरमाराचा तळ असल्यामुळे परक्यांना गावात पाऊल ठेवण्याची बंदी होती. ती उठली 1 जानेवारी 1992 रोजी. त्या काळी साध्या माणसाला मोटार मिळणे म्हणजे वर्षानुवर्षे यादीत नाव लावून बसणे. इटलीच्या फियाट कंपनीच्या साहाय्याने व्होल्गाकाठी तोल्यात्ती येथे उभारलेला कारखाना 1970 पासून गाड्या काढू लागला होता, तरी मागणीपुढे त्या अपुऱ्याच पडत. अशा वेळी जपानच्या बंदरांत जाणाऱ्या खलाशांना ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वापरलेली गाडी सोबत आणण्याची मुभा मिळाली. खलाशी मासळी किंवा लाकूड उतरवीत आणि परत येताना बोटीच्या डेकवर टोयोटा बांधून आणीत. पुढे सोव्हिएत संघ मोडला, पगार थकले, आरमारी कारखाने ओस पडले, आणि खलाशांचा हा जोडधंदा गावाचा मुख्य धंदा होऊन बसला.

जपानी माणसे चालत्या गाड्या देऊन का टाकीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण तेथील सक्तीच्या तपासणीत आहे. नवी गाडी तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी सरकारी तपासणीतून न्यावी लागते. तिचा खर्च, दुरुस्ती आणि कर मिळून असा हिशेब होतो, की आठदहा वर्षांची गाडी ठेवण्यापेक्षा विकलेली बरी. या गाड्या गोळा करण्याच्या धंद्यात आपल्या उपखंडातील माणसे पुष्कळ शिरली. तोयामा परगण्यात फुशिकी बंदराजवळ पाकिस्तानी व्यापाऱ्यांची गाड्यांची आवारे इतकी झाली, की रशियन खलाशी, पाकिस्तानी दुकानदार आणि जपानी दलाल यांचा सौदा तेथे नित्याचा झाला. कोणती भाषा बोलत असतील हा प्रश्न मनात येतो, पण गाडीचे बॉनेट उघडले की फारसे बोलावे लागत नसावे.

एक अडचण होती. जपानात आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून सुकाणू उजवीकडे. रशियात वाहने उजवीकडून धावतात. पुढच्या मालमोटारीला मागे टाकायचे तर समोरचे काही दिसत नाही. तरी लोकांनी ही गैरसोय पत्करली, कारण गाडी बर्फात सुरू होत असे आणि तिच्यातला हीटर चालत असे. वासिली अव्चेन्को या व्लादिवोस्तोकच्या लेखकाने 2009 साली या जीवनावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच 'उजवे सुकाणू' अशा अर्थाचे आहे.

गाड्या आल्या की त्यांचे सुटे भागही आलेच. जपानात मोडीत काढलेल्या गाडीचे इंजिन, गिअरपेटी, दारे, दिवे, इतकेच नव्हे तर समोरचा सगळा दर्शनी भाग एकसंध कापून बोटीवर चढू लागला. जपानहून आलेल्या जुन्या इंजिनाला रशियात 'कराराचे इंजिन' असे भारदस्त नाव पडले. रशियाच्या रस्त्यावर न धावलेले इंजिन, ही त्याची मोठी शिफारस. व्लादिवोस्तोकच्या टेकड्यांवर 'हिरवा कोपरा' नावाचा गाड्यांचा बाजार भरू लागला आणि सैबेरियातून लोक तेथे येऊन गाडी घेत व ती चालवीत हजारो किलोमीटर घरी जात.

मॉस्कोला हे पाहवेना, आणि मॉस्कोची बाजू अगदीच पोकळ नव्हती. तोल्यात्तीच्या कारखान्यात लाखाच्या आसपास माणसे होती. त्यांनी बनवलेली नवी गाडी जपान्यांनी टाकून दिलेल्या गाडीपुढे हरत होती. म्हणून 2002 साली सात वर्षांहून जुन्या गाड्यांवर आयातजकात वाढविण्यात आली. येथे खरी कथा सुरू होते. जकात होती 'मोटारगाडी'वर. सुट्या भागांवर ती पुष्कळ कमी होती. तेव्हा लोकांनी जपानातच गाडी उलगडली. इंजिन एकीकडे, चाके एकीकडे, बॉडी एकीकडे. कागदोपत्री सारे सुटे भाग. व्लादिवोस्तोकला आल्यावर तीच गाडी पुन्हा जोडली. मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याला रशियन भाषेत जो शब्द आहे, 'कन्स्ट्रुक्तर', तोच या गाडीला मिळाला. आपल्या नगरपालिकांचे जकातनाके जेव्हा होते, तेव्हा पावतीवर मालाचे नाव काय लिहायचे यावरून चालणारी हुज्जत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना यात नवल वाटणार नाही.

पण गाडी जोडून भागत नाही, तिला नंबर हवा. त्याचीही सोय कायद्यातच होती. रशियात जुन्या गाडीचे इंजिन किंवा बॉडी बदलून त्याची नोंद करता येई. म्हणून भंगारात गेलेल्या गाडीचे नुसते कागद विकत घ्यायचे. मग त्या कागदांवर आधी इंजिन बदलले, पुढे बॉडी बदलली, अशी नोंद करायची. गाडी केव्हाच नाहीशी झालेली, कागद मात्र जिवंत. नागसेनांना येथे मौज वाटली असती.

2008 च्या नोव्हेंबरात सरकारने ही फट बुजवली. सुट्या बॉडीवरही जकात बसली, तीही दर बॉडीमागे किमान 5,000 युरो. आता लोकांनी करवत हाती घेतली. पुढच्या आसनांच्या मागे छत आणि तळ कापून बॉडीचे दोन तुकडे केले, की ती बॉडी राहत नाही, पत्र्याचे भाग होतात! हे दोन तुकडे समुद्र ओलांडून येत आणि इकडे वेल्डिंग करून एक होत. याला नाव पडले 'रस्पील', म्हणजे करवतकाम.

5 डिसेंबर 2008 रोजी सरकारने अख्ख्या गाड्यांवरील जकातही वाढवली आणि जुनेपणाची मर्यादा सातावरून पाच वर्षांवर आणली. पंतप्रधान होते व्लादिमिर पुतिन. 14 डिसेंबरला व्लादिवोस्तोकमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. 21 तारखेला पुन्हा जमले. स्थानिक पोलिसांवर भरवसा नव्हता म्हणून की काय, मॉस्कोकडून खास दंगल-पोलीस विमानाने आणवले होते. मुख्य चौकात नव्या वर्षाचे झाड उभे होते, त्याभोवती लोकांनी फेर धरला, गाणी म्हटली. पोलिसांनी त्या फेरातून माणसे ओढून नेली आणि लाठ्या चालवल्या. वार्ताहरही सुटले नाहीत. जकात 2009 च्या जानेवारीत लागू झालीच. 2008 साली पाच लाखांहून अधिक वापरलेल्या गाड्या जपानने रशियाला पाठवल्या होत्या. 2009 साली तो आकडा सुमारे एक दशांशावर आला.

करवतीची गाडी चांगली होती असे कोणी समजू नये. बॉडी हा गाडीचा कणा. तो कापून पुन्हा सांधला तर धडकेच्या वेळी सांध्यावरच उघडणार. वेल्डिंग करणारा कुशल असला तरी कारखान्यातील मजबुती परत येत नाही, आणि दोनदा-तीनदा विकल्या गेलेल्या गाडीच्या धन्याला रंगाखाली सांधा आहे हे माहीतही नसे. पुढे पोलिसांनी अशा अनेक गाड्यांच्या नोंदण्या रद्द केल्या, तेव्हा नुकसान झाले ते या शेवटच्या धन्याचे. कापणारा केव्हाच नामानिराळा झाला होता. तरीही कर चुकवणाऱ्यांनीच हे संकट ओढवले, असे म्हणून मला मोकळे होता येत नाही. अख्खी, धडधाकट गाडी उंबरठ्यावर उभी असताना ती कापल्यावाचून आत येणार नाही अशी योजना ज्यांनी केली, त्यांच्याकडेही या करवतीचे एक टोक होते.

याच वेळी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. 2009 च्या डिसेंबरात, निदर्शनांनंतर बरोबर एक वर्षाने, व्लादिवोस्तोकमध्ये सोलर्स कंपनीचा मोटार कारखाना सुरू झाला आणि त्याच्या उद्‌घाटनाला पुतिन स्वतः आले. तेथे काय होई? कोरियाहून सँगयाँग गाड्या मोठमोठ्या तयार भागांत येत, येथे त्या जोडल्या जात आणि रशियन गाड्या म्हणून बाहेर पडत. 2012 पासून माझदाच्या गाड्याही तशाच जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे परदेशी गाडी सुटी करून आणावी आणि व्लादिवोस्तोकला जोडावी, हेच काम. गल्लीतल्या माणसाने गॅरेजात केले तेव्हा ती करचुकवेगिरी होती. कारखान्याच्या गाड्या नव्या होत्या, त्यांना हमीपत्र होते, ही गोष्ट खरी. पण गावकऱ्यांनी या दोहोंची तुलना केली असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा?

त्यानंतर 1 सप्टेंबर 2012 पासून गाड्यांच्या विल्हेवाटीचे वेगळे शुल्क आले आणि करवतीचा धंदा आटत गेला. ऑगस्ट 2023 मध्ये, युक्रेनच्या युद्धापायी, 1,900 घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या गाड्या रशियाला पाठवण्यास जपाननेच बंदी केली. विजेवरच्या आणि संकरित गाड्या तर इंजिन लहान असले तरी बंद झाल्या. इतकी वर्षे 'गाडी' कशाला म्हणावे हे मॉस्को ठरवीत आले होते, या वेळी ते तोक्योने ठरवले. त्या मापात बसणाऱ्या लहान गाड्या फुशिकीच्या धक्क्यावरून पुढेही बोटीवर चढत राहिल्या, उजव्या सुकाणूसकट.