खंडेराव दरवाजा आणि गोऱ्ह्यांची लेक

झाशीच्या जुन्या शहराभोवतीच्या तटाला दहा दरवाजे. ओरछा, दतिया, उन्नाव, सागर, भांडेर अशी त्यांतील कित्येकांची नावे ज्या गावांकडे वाटा जातात त्या गावांवरून पडलेली आहेत. एका दरवाजाचे नाव मात्र खंडेराव. बुंदेलखंडाच्या भूमीवर हे नाव कानी पडले की मराठी माणसाची पावले क्षणभर थबकतात. कोठे कऱ्हेपठारावरील जेजुरी आणि कोठे बेतवेच्या खोऱ्यातील हा मुलूख! १७४२ मध्ये नारो शंकर पेशव्यांच्या वतीने येथे आले. १७७० च्या सुमारास सुभेदारी नेवाळकरांकडे गेली. आणि शिवराव भाऊंच्या अमदानीत, म्हणजे १७९६ ते १८१४ या काळात, शहराचा तट उभा राहिला. देशावरून आणि कोकणातून आलेली कुटुंबे त्या तटाच्या आश्रयाने वसली, त्यांनी देवळे बांधली, व्रतवैकल्ये चालविली आणि आपली भाषा परमुलखात राखली.

तट हा माणसाच्या भरवशाचा दगडात बांधलेला आकार होय. आत आपण, बाहेर भय. मध्ये दगड, आणि रात्री बंद होणारा दरवाजा. परंतु हा भरवसा किती दिवस पुरला? ८ जून १८५७ रोजी झाशीच्या किल्ल्यातून बाहेर पडलेल्या इंग्रज व ख्रिस्ती स्त्रीपुरुषांना, लेकराबाळांसह, झोकनबागेत कापून काढण्यात आले. त्यानंतर दहा महिनेही लोटले नाहीत तोच सर ह्यू रोजच्या सैन्याने वेढा घातला आणि ३ एप्रिल १८५८ रोजी ते शहरात शिरले. त्यापुढील दिवसांत तटाच्या आत काय घडले, ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. दक्षिणेच्या आशेने उत्तरेस गेलेला तो भिक्षुक त्या वेळी झाशीतच होता. झोकनबागेत मेलेल्यांनी आपल्या देवाचा धावा केला असेल. हलवाईपुऱ्यात आणि वाड्यावाड्यांतून मेलेल्यांनीही केला असेल. तट पडला तेव्हा त्याने कोणाचेच रक्षण केले नाही.

अशा भूमीवर उभे राहून ईश्वर समीप आहे आणि तो आपल्यावर प्रेम करतो, असे म्हणावयाचे ते कोणत्या आधारावर? प्रश्न जुना आहे. प्रत्येक धर्माने तो आपल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. या लेखात मला त्याचे एक ख्रिस्ती उत्तर पाहावयाचे आहे. आणि तेही परदेशीय धर्मपंडितांकडून नव्हे, तर याच परिसरात मूळ असलेल्या एका मराठी घराकडून.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा या खेड्यात, एका चित्पावन घराण्यात झाला. आजोबा बांद्याच्या नवाबांच्या पदरी कारभारी होते. हे नवाब म्हणजे बाजीराव आणि मस्तानी यांचे वंशज. पुढे घराणे काशीस राहिले, आणि तेथेच नीळकंठाचे शास्त्राध्ययन झाले. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व मांडले होते. त्याला पंडितांनी जी उत्तरे दिली, त्यांतील ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे या तरुणाचे. तेव्हा त्याचे वय विशीच्या आसपास होते. काशीतील विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे तो गेला, तोही वादात त्याला जिंकावयाच्या हेतूने. जिंकण्यासाठी प्रतिपक्षाचे ग्रंथ वाचावे लागतात. त्याने ते वाचले आणि वाचता वाचता स्वतःच पक्ष पालटला. १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्याने बाप्तिस्मा घेतला. नवे नाव मिळाले नहेम्या. यरुशलेमचा पडका तट आणि जळालेले दरवाजे ज्याने पुन्हा उभारले, त्या पुरुषाचे हे नाव.

हे धर्मांतर कोणत्या किमतीने झाले, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. वैदिक घरातील कर्तासवरता मुलगा परधर्मात गेला, की त्या काळी बापाला तो जिवंतपणीच अंतरत असे. श्राद्धाला पिंड देणारा हात गेला, पंक्तीला बसणारा सोबती गेला. ईश्वराच्या प्रेमाची वाट धरणाऱ्याने मागे ठेवलेल्या माणसांचे अश्रू नजरेआड केले तर ते चरित्र अपुरे राहील.

नीळकंठशास्त्र्यांचा मुख्य आक्षेप कोठे होता, ते पाहणे उद्बोधक आहे. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १८६२ मध्ये फिट्सएडवर्ड हॉल यांनी तो इंग्रजीत आणला. त्यातील वेदान्तावरील टीकेचा गाभा असा, की उत्पन्नकर्ता आणि उत्पन्न केलेला जीव हे खरोखर भिन्न आहेत. ती भिन्नता मावळली तर प्रेम कोणी कोणावर करावयाचे, क्षमा कोणी कोणास मागावयाची? हा प्रश्न मराठी वाचकास परका वाटू नये. मुक्तीपेक्षा भक्तीची गोडी अधिक मानून आमच्या संतांनीही देवाशी थोडे दुजेपण हौसेने राखले आहे. गोऱ्हे यांनीही उत्तरायुष्यात हे मोकळेपणाने मान्य केले, की अनन्य भक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांची ओढ हिंदू मनात पूर्वीपासूनच होती आणि ख्रिस्ताच्या स्वीकाराची ती पूर्वतयारी होती.

परंतु याच पंडिताच्या आयुष्यात एक गोष्ट अशी होती, की जिच्यामुळे तो आपल्याला अधिक जवळचा वाटतो. त्याचा संशय कधीच पुरता गेला नाही. बाप्तिस्म्यापूर्वी त्याने हिंदू धर्माच्या बाजूने ख्रिस्ती मताची जी झडती घेतली होती, तीच झडती नंतरही त्याचे मन घेत राहिले. १८७० मध्ये त्यांना कलकत्त्यास धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. १८७६ मध्ये ते काउली संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पण संघाची अखेरची व्रते त्यांनी कधी घेतली नाहीत. आपण पात्र आहो की नाही, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत छळीत राहिला. म्हणजे तर्काने उभारलेला हा तट मजबूत होता. पण त्याच्या आत राहणाऱ्यास निवांत झोप नव्हती. तरीही ते प्रार्थना करीत राहिले, उपवास करीत राहिले, आणि दारी येणाऱ्या प्रत्येक शंकेखोरास उत्तरे देत राहिले. ज्याला रोज नवी शंका येते आणि जो रोज त्याच दारी जाऊन उभा राहतो, त्याला अविश्वासू म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही.

त्यांच्या उत्तरांचा लाभ झालेली सर्वांत प्रसिद्ध व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्या इंग्लंडात असताना फादर गोऱ्हे यांच्या लिखाणाने आपल्या बुद्धीची खात्री पटली, असे रमाबाईंनी पुढे सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्या असेही सांगतात, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण स्वतः ख्रिस्त लाभला नव्हता. तो अनुभव आणखी आठ वर्षांनी, १८९१ मध्ये आला. खात्री आणि विसावा यांत किती अंतर असू शकते, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगावे? ज्या शास्त्र्याने त्यांना खात्री दिली, त्याच्यापाशी विसावा देण्याजोगा विपुल नव्हता. तो त्यांना स्वतःच, आणि स्वतःच्या वेळी, मिळवावा लागला. आणि त्या विसाव्याच्या बळावर पुढे दुष्काळातील शेकडो मुलींना त्यांनी केडगावी छाया दिली.

आता शास्त्रीबुवांच्या लेकीकडे वळू. तिचा जन्म ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीस झाला. तिची आई लक्ष्मीबाई अल्पावधीतच वारली. मुलीचे नाव एलन लक्ष्मी. परक्या नावापुढे आईचे नाव तेवढे उरले. १८५४ मध्ये वडील महाराजा दुलीपसिंगांबरोबर विलायतेस गेले. पोर स्मेल्स नावाच्या निळीच्या मळेवाल्याने आपल्या घरी वाढविली.

याच महिन्यांत झाशीस काय घडत होते, ते आठवावे. २० नोव्हेंबर १८५३ रोजी आसन्नमरण गंगाधररावांनी पाच वर्षांच्या आनंदरावास दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते निवर्तले. दत्तविधान शास्त्रोक्त झाले होते, साक्षीस इंग्रज अधिकारी होते, खलिता रवाना झाला होता. तरी डलहौसीने राज्यापुरते ते दत्तक नामंजूर केले, आणि मार्च १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. त्या बालकाचे पुढचे आयुष्य मध्य भारतातील मराठी वाचकास सांगावयास नको. आईच्या पाठीशी बांधलेले ते मूल तटाबाहेर पडले, रानोमाळ भटकले, आणि अखेर इंदुरास तुटपुंज्या वेतनावर राहून १९०६ मध्ये वारले. दत्तक कोणाचे म्हणावयाचे, हा हक्क अखेर दत्तक घेणाऱ्याचा असतो की सत्ताधीशाचा, या एका प्रश्नावर आमच्या झाशीचे सारे महाभारत घडले.

एलन लक्ष्मीचेही दत्तक एका घरी टिकले नाही. सत्तावन्नच्या वणव्यात स्मेल्स यांची मालमत्ता गेली. मग स्टॉर्स नावाच्या पाद्र्याने तिला आपल्या कुटुंबात घेतले आणि इंग्लंडास नेले. तेथे ती इंग्रजी घरात, इंग्रजी भाषेत वाढली. आई नाही, बाप दूर, देश दूर, मातृभाषा ओठांवर यावयाच्या आधीच सुटलेली. तिच्याभोवती तट म्हणून काय होते?

आणि तरीही १८८३ मध्ये ‘फ्रॉम इंडियाज कोरल स्ट्रँड’ हा तिचा जो पद्यसंग्रह निघाला, त्यातील एक गीत ईश्वराच्या सान्निध्यावरचे आहे. त्या सान्निध्याच्या एकांतात जीवाला जो आसरा मिळतो, त्याच्या आनंदावरचे आहे. जॉर्ज स्टेबिन्स या अमेरिकन गायकाने त्याला चाल दिली, मूडी आणि सँकी यांच्या सभांतून ते गाइले गेले आणि इंग्रजी प्रार्थनासंग्रहांतून जगभर पसरले. ते गाणाऱ्या हजारो लोकांना या कवयित्रीचे कूळ झाशीकडील एका मराठी शास्त्र्याचे आहे, याची कल्पनाही नसेल. १८८० मध्येच ती भारतात परतली होती. प्रथम अमृतसर, नंतर अलाहाबाद येथे तिने काम केले. १८९२ ते १९०० अशी आठ वर्षे तिने अलाहाबादेतील एका अनाथाश्रमाची देखरेख पाहिली. १८९७ मध्ये तिला सेविकापदाची दीक्षा मिळाली. १९३७ मध्ये ती वारली. जी स्वतः दोनदा दत्तक गेली, तिने आपली उमेदीची वर्षे आईबाप नसलेल्या मुलांत घालवावी, यातच तिच्या गीताचे भाष्य आहे.

संत पौलाने ख्रिस्ती माणसाचे ईश्वराशी असलेले नाते सांगताना दत्तकाचाच दाखला वापरला आहे. त्याचे मर्म झाशीच्या माणसाला जितके उमगेल तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला उमगेल. दत्तक जाणारे मूल काही सिद्ध करून आपला हक्क मिळवीत नाही. मांडीवर घेणारा त्याला आपले म्हणतो, एवढ्यावरच ते नाते उभे राहते. मुलाने त्या शब्दावर विसंबावयाचे असते. बापाने युक्तिवादांनी ईश्वराचे अस्तित्व आणि प्रेम सिद्ध केले आणि तरी तो आपल्या पात्रतेचा हिशेब मांडीत बसला. लेकीने हिशेब मांडलाच नाही, कारण पात्रता नसताना कोणी घरात घेते, हा अनुभव तिने बालपणीच घेतला होता.

म्हणून बापाची श्रद्धा उणी, असा निवाडा मी करणार नाही. विश्वासाची ही दोन रूपे आहेत: एक शंकेतही दार न सोडणाऱ्याचे, दुसरे दाराच्या आत निजलेल्या लेकराचे. दोहोंतही एक गोष्ट समान आहे. ईश्वर आपल्याभोवती तट बांधील आणि आपल्याला काही होऊ देणार नाही, असे दोघांनीही मानले नाही. मानले असते तर पत्नीच्या मृत्यूने बापाची आणि सत्तावन्नच्या आगीने लेकीची श्रद्धा जळून गेली असती. तट पडल्यावरही जो जवळ उरतो त्याच्यावर भिस्त ठेवणे, इतकाच त्यांच्या विश्वासाचा अर्थ होता.

फादर गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईस निवर्तले. झाशीत आज संत यूदाच्या प्रार्थनामंदिरात दर वर्षी २८ ऑक्टोबरला यात्रा भरते; सर्व उपाय खुंटलेल्यांचा तो कैवारी मानला जातो, आणि नवस बोलावयास तेथे नाना धर्मांची माणसे येतात. बापाची पुण्यतिथी त्याच्या दुसऱ्या दिवशी असते. खंडेराव दरवाजा ओलांडून येणाऱ्याजाणाऱ्यांना आता कोणी अडवीत नाही. तट आता कोणाचे रक्षण करीत नाही. त्या कमानीखालून जाताना मराठी माणसाने राणीचे स्मरण करावे, पाठीशी बांधलेल्या त्या दत्तक बाळाचे करावे. आणि जमल्यास गोऱ्ह्यांच्या त्या लेकीचेही करावे.