किण्वाची साक्ष



मी मराठीचा अध्यापक. विज्ञानाच्या इतिहासाकडे मला वळवले ते एका शब्दाने. ‘पोंबे’ हा स्वाहिली भाषेतील शब्द. त्याचा अर्थ बिअर. पाउल लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील भरड धान्याच्या पोंबेतून एक किण्व, म्हणजे यीस्ट, वेगळे केले आणि १८९३ साली त्याच्या शास्त्रीय नावात हा शब्द कायमचा गुंफला. पोर्तुगीज अमलात गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, आपले सिद्दी बांधव, याच जोयडा-हल्याळच्या रानांत राहतात. त्यामुळे आफ्रिकेतून आलेला हा शब्द मला परका वाटत नाही.

प्रश्न होता तो असा : एका पेशीच्या दोन पेशी होतात, पण विभागण्याची वेळ झाली हे पेशीला कळते कसे? हे नियंत्रण सुटले की कर्करोग उद्भवतो. मनुष्यदेहात याचा शोध घेणे दुष्कर; किण्व मात्र एकपेशीय आणि काही तासांतच दुप्पट होणारे. तरीही मोठी अडचण होती. विभाजनाची यंत्रणा बिघडवली तर पेशीची वाढच खुंटते. मग अभ्यासाला वाण उरणार कोठून?

अमेरिकेत सिएटल येथे लेलंड हार्टवेल यांनी यावर तापमानाची युक्ती योजली. ज्यांचे बिघडलेले जनुक २३ अंश सेल्सियसला काम करते, पण ३६ अंशांना बंद पडते, अशी पावाच्या किण्वाची वाणे त्यांनी निवडली. थंडाव्यात वाण जोपासायचे आणि उष्णतेत ते कोठे अडते ते पाहायचे. या किण्वाला अंकुर फुटून नवी पेशी होते. अंकुराच्या आकारावरूनच विभाजन कोणत्या टप्प्यावर थांबले ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. १९७३ पर्यंत अशी १४८ वाणे आणि त्यांमागची ३२ जनुके हाती आली.

पोंबेतील किण्व दांडीसारखे. लांबीने वाढते आणि मधोमध दुभंगते. विभाजन अडले तर दांडी लांबतच जाते. एडिंबरो येथे पॉल नर्स यांना याच्या उलट, अकाली दुभंगणाऱ्या बुटक्या पेशी आढळल्या. स्कॉटलंडच्या बोलीतील ‘वी’, म्हणजे चिमुकले, हेच नाव त्यांनी त्या वाणाला दिले. त्यांतून विभाजनाचा वेग ठरवणारी जनुके उजेडात आली. १९८७ साली मेलानी ली आणि नर्स यांनी अशा एका अडलेल्या किण्वात मानवी जनुके सोडली. त्यांपैकी एकाने ते किण्व पुन्हा विभागू लागले. सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन वंशांतील किल्ली एकच निघाली! २००१ चे नोबेल पारितोषिक हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना मिळाले. याच कुळातील प्रथिनांना रोखणाऱ्या पाल्बोसायक्लिब या औषधाला २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

किण्वावर खर्च कशाला, असे विचारणाऱ्यांना हा इतिहास पुरेसे उत्तर देतो. पण त्यात एक उणीव राहते. लिंडनरचे नाव ग्रंथांत आहे. ती पोंबे ज्यांनी गाळली त्या हातांची नावे तेथे नाहीत. ज्ञानाच्या वंशावळीत असे निनावी पूर्वज फार. आपल्या रानावनातील जाणत्यांची नावे तरी या शाळेच्या मुलांनी वेळीच टिपून ठेवावीत, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.