अंधारातलं स्वयंपाकघर: ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचे वडील

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट एका रॉकस्टारची आहे, पण ती स्टेजवर सुरू होत नाही, स्वयंपाकघरात सुरू होते.

ठिकाण अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं फ्रीहोल्ड नावाचं छोटं गाव, काळ साठच्या दशकाचा मध्य. रात्र झाली आहे. घरातले दिवे बंद आहेत. स्वयंपाकघरात टेबलाशी एक माणूस एकटाच बसलाय. हातात सिगरेट, पुढ्यात बियर. बाहेरून त्याचा पोरगा येतो. केस मानेपर्यंत वाढलेले. बापाच्या नजरेला न पडता आपल्या खोलीत सटकायचं, एवढंच त्याच्या डोक्यात आहे. पण आतून हाक येतेच.

तो पोरगा म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन, जन्म 23 सप्टेंबर 1949. ते वडील म्हणजे डग्लस, सगळे त्यांना डग म्हणायचे. हे स्वयंपाकघर ब्रूसने जगाला पुन्हा पुन्हा सांगितलं. गाण्यांतून, स्टेजवरून, आत्मचरित्रातून, नाटकाच्या थिएटरमधून. गंमत अशी, की दर वेळी प्रसंग तेच असले तरी गोष्ट वेगळी झाली. आज आपण तेच बघणार आहोत.

आधी घर समजून घेऊ. डग यांना एक नोकरी कधी फार काळ लाभली नाही. गावातल्या गालिच्यांच्या गिरणीत काम, फोर्डच्या कारखान्यात काम, मधेच बस चालवणं, मधेच तुरुंगात पहारेकरी. गिरणीनेही साठच्या दशकात फ्रीहोल्डमधून गाशा गुंडाळला. घर खऱ्या अर्थाने चालवलं ते आईने. अ‍ॅडेल वकिलाच्या ऑफिसात सेक्रेटरी होती. रोज वेळेवर उठून, नीट कपडे करून कामाला जायची. लेकाला गिटार हवी होती. नाताळात आईने कर्ज काढून त्याला ती घेऊन दिली. किंमत 60 डॉलर. आज ऐकायला किरकोळ वाटते, पण त्या घरात ती रक्कम हप्त्याने फेडावी लागली.

म्हणजे आईने गिटार दिली आणि वडिलांनी गाण्यांना विषय दिला, असं म्हणायला हरकत नाही. फक्त वडिलांना ते माहीत नव्हतं.

1972 मध्ये ब्रूसला कोलंबिया रेकॉर्ड्सने करारबद्ध केलं. 1975 मध्ये ‘बॉर्न टू रन’ हा अल्बम आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर एकाच आठवड्यात हा पोरगा झळकला. त्यानंतर मॅनेजरशी कोर्टकचेरी झाली, तीन वर्षं नवा अल्बम नाही. आणि मग 1978 मध्ये ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’ आला. त्यात वडील पहिल्यांदा पूर्ण ताकदीने दिसतात. ‘अ‍ॅडम रेझ्ड अ केन’ या गाण्यात बापलेकाचं भांडण आहे, अगदी घसा फोडून गायलेलं. आणि त्याच अल्बममध्ये ‘फॅक्टरी’ नावाचं एक छोटं, शांत गाणंही आहे. कामावर जाणारा बाप, बास. राग आणि कणव, दोन्ही एकाच रेकॉर्डवर. तेव्हा ब्रूस 28 वर्षांचा होता. ही गोष्टीची पहिली आवृत्ती.

दुसरी आवृत्ती स्टेजवरची. 30 सप्टेंबर 1985, लॉस एंजेलिसचं कोलिझियम स्टेडियम. ‘बॉर्न इन द यूएसए’ची लाट जोरात आहे. हजारो लोकांसमोर ब्रूस गाणं सुरू करण्याआधी बोलत राहतो. पुढच्या वर्षी आलेल्या लाइव्ह अल्बममध्ये हे बोलणं तसंच ठेवलंय, जरूर ऐका. तो सांगतो, की मोटरसायकलच्या अपघातानंतर मी अंथरुणात पडून होतो, तेव्हा वडिलांनी न्हावी बोलावून माझे लांब केस कापून घेतले. सैन्य तुला माणूस बनवेल, असं ते म्हणायचे. आणि मग व्हिएतनाम युद्धासाठी खरंच बोलावणं आलं. ब्रूसच्या पहिल्या बँडचा ड्रमर बार्ट हेन्स 1967 मध्ये त्या युद्धात मारला गेला होता. ब्रूस वैद्यकीय तपासणीला गेला आणि नापास झाला. घरी परतला. वडील त्याच स्वयंपाकघरात. मला घेतलं नाही, असं त्याने सांगितलं. आणि वडील एवढंच म्हणाले, की बरं झालं.

थांबा जरा इथे. हा तोच माणूस, जो सैन्याच्या नावाने पोराला धाकात ठेवत होता. डग स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. युद्ध म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं. त्या दोन शब्दांत जे होतं, ते त्यांना आयुष्यात दुसऱ्या कशाने सांगता आलं नाही.

तिसरी आवृत्ती जास्त खाजगी. जानेवारी 1982 मध्ये ब्रूसने न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर काही गाणी टेप केली. तीच पुढे ‘नेब्रास्का’ अल्बम झाली. त्यात ‘माय फादर्स हाउस’ नावाचं गाणं आहे. 1990 मध्ये एका कार्यक्रमात त्याने त्यामागची गोष्ट सांगितली. तो अनेक वर्षं रात्री गाडी काढायचा आणि लहानपणीच्या घरांवरून चकरा मारायचा. का, ते त्यालाही कळत नव्हतं. शेवटी मानसोपचारतज्ज्ञाला विचारलं. उत्तराचा सारांश असा: तिथे काहीतरी बिघडलं होतं, आणि ते दुरुस्त करता येतं का, हे बघायला तू परत परत जातोस. पण ते आता दुरुस्त होणार नाही.

सगळ्यात मोठ्या रॉकस्टारपैकी एक, आणि रात्री एकटा आपल्याच जुन्या दारासमोरून गाडी फिरवतोय. पैसा, टाळ्या, सगळं असून.

त्याच 1990 सालात ब्रूस आणि पॅटी स्कायल्फा यांना पहिलं मूल होणार होतं. आईवडील 1969 मध्येच कॅलिफोर्नियात सान मातेओला राहायला गेले होते. बाळ जन्मायच्या काही दिवस आधी डग न सांगता गाडी चालवत लॉस एंजेलिसला आले. जवळजवळ 600 किलोमीटर. सकाळची वेळ, टेबलावर पुन्हा बियर. आणि हा कधीच न बोलणारा माणूस म्हणाला, की तू आमच्याशी चांगला वागलास, मी मात्र तुझ्याशी चांगला वागलो नाही. बाप होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलाला एवढं सांगायला ते आले होते.

डग 1998 मध्ये गेले. ब्रूसचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं 2016 मध्ये, त्याच्या वयाच्या 67व्या वर्षी. त्यात चौथी आवृत्ती आहे, आणि तिथे सगळं चित्रच फिरतं. डग यांना गंभीर मानसिक आजार होता. निदान खूप उशिरा झालं. म्हणजे स्वयंपाकघरातला तो अंधार फक्त स्वभावाचा नव्हता, आजाराचाही होता, आणि तेव्हा त्याला कुणाकडे नावच नव्हतं. ब्रूस पुढे स्वतःबद्दलही लिहितो. साठी ओलांडल्यावर त्याला नैराश्याने इतकं गाठलं, की अंथरुणातून उठणं अवघड व्हायचं. थेरपी आणि औषधं तो अनेक वर्षं घेत आलाय, हे त्याने लपवलं नाही. बापाने जे कधी बोलून दाखवलं नाही, ते मुलाने पाचशे पानांत लिहून काढलं.

2017-18 मध्ये ब्रॉडवेवर 236 प्रयोग झाले. जेमतेम हजारभर खुर्च्यांचं थिएटर, एक गिटार, एक पियानो. तिथे तो सुरुवातीलाच कबुली देतो, की कारखान्यावर इतकी गाणी लिहिली, पण मी आयुष्यात कधी कारखान्यात काम केलं नाही. मग ते कामगाराचे कपडे, तो आवाज आला कुठून? वडिलांकडून. ज्यांचं प्रेम हवं होतं आणि मिळालं नाही, त्यांच्यासारखं आपण व्हायला बघतो, असं त्याचं म्हणणं.

आता इतिहास म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. या चारही आवृत्त्या मुलाच्या आहेत. डग यांनी पुस्तक लिहिलं नाही, मुलाखती दिल्या नाहीत. त्यांची बाजू म्हणजे दोन वाक्यं, तीही मुलानेच सांगितलेली. 1978 ची आठवण खोटी आणि 2016 ची खरी, असं नाही. राग खरा होता, आजारही खरा होता. आठवण तीच राहते, पण आठवणाऱ्याचं वय वाढतं. 28 वर्षांच्या मुलाला जे दिसलं नाही, ते तीन मुलांच्या 67 वर्षांच्या बापाला दिसलं.

आणि हा बाप वेगळा कसा झाला? उत्तर साधं आहे. रात्रभर जागायची सवय असलेल्या ब्रूसला पॅटीने सांगितलं, की मुलं सकाळी उठतात आणि तू झोपलेला असतोस, हे सगळं तू गमावतोयस. मग तो लवकर उठायला लागला, पॅनकेक करायला शिकला. धाकटा मुलगा सॅम पुढे अग्निशमन दलात गेला, मुलगी जेसिका घोडेस्वारीत टोकियो ऑलिम्पिकचं रौप्यपदक जिंकली. आई अ‍ॅडेल 31 जानेवारी 2024 ला गेली, वयाच्या 98व्या वर्षी. अल्झायमरने बरंच काही पुसलं होतं, पण गाणं लागलं की ती नाचायची.

तर मंडळी, अंधारात बसलेल्या बापाच्या घरातून निघालेला मुलगा शेवटी पुन्हा स्वयंपाकघरातच पोचला. फक्त वेळ सकाळची होती, दिवे लागलेले होते, आणि टेबलाशी मुलं बसलेली होती.

आज ‘फॅक्टरी’ ऐका. दोन-अडीच मिनिटांचंच आहे. आणि तुमच्या घरातही कमी बोलणारं कुणी असेल, तर त्यांना एखादी जुनी गोष्ट विचारून बघा. आपल्या आवृत्तीत त्यांची बाजू बहुतेक वेळा राहूनच गेलेली असते.

भेटू पुढच्या भागात!