नांवांचा फेरफार

खेड्यांत जमिनीचा मालक बदलला म्हणजे फेरफाराची नोंद होते, चावडीवर नोटीस लागते, संबंधितांस कळविलें जातें आणि १५ दिवस हरकतीची वाट पाहिली जाते. त्या अवधींत कोणी पुढें आलें नाहीं, तर नोंद कायम होण्याचा मार्ग मोकळा होतो. हरकत नाहीं म्हणजे संमति आहे, असें हें गृहीत आहे. शेत जागच्या जागीं असतें, बांध दिसतो, शेजारी ओळखतो. म्हणून तें बहुधा निभावतें. परंतु जी मालमत्ता वहींतील नोंदीखेरीज दुसरें कांहींच नाहीं, जिला बांध नाहीं कीं शेजार नाहीं, तिच्या धन्याच्या मौनाचा अर्थ काय करावयाचा? संगणकांच्या जाळ्यावरील डोमेन नांवें हीं असल्याच जातीचीं आहेत. तीं एका कारभाऱ्याकडून दुसऱ्याकडे नेतांना जे घोटाळे झाले, त्यांचा वृत्तांत आज श्रोत्यांस सांगावयाचा आहे.

‘डॉट कॉम’ या शेपटीचें पहिलें नांव अमेरिकेंत १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें. १९९३ पासून ही नोंदणी नेटवर्क सोल्यूशन्स या एकट्या कंपनीकडे होती, आणि १९९५ च्या सप्टेंबरपर्यंत नांव घेणारास दामही पडत नसे. वही एक, कारकून एक. तेव्हां कारभारी बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तरीहि चोरी झाली. गॅरी क्रेमेन यानें १९९४ सालीं एक नांव घेतलें होतें. तें येथें उच्चारण्याजोगें नाहीं. पण बाजारांत त्याला फार मोल होतें. पुढच्या वर्षीं स्टीफन कोहेन या इसमानें कंपनीपुढें एक बनावट पत्र ठेवलें. क्रेमेनच्या संस्थेनें नांवावरील हक्क सोडला असून, आमच्याकडे इंटरनेटची थेट जोडणी नसल्यामुळें तुम्हींच आमच्या वतीनें नोंदणीस कळवावें, असा त्यांतील मजकूर होता! ज्या संस्थेचें नांवच ‘ऑनलाइन क्लासिफाइड्स’, तिच्याकडे जाळ्याची जोडणी नसावी, हें वाचून पोरासहि हसूं आलें असतें. कंपनीला शंका आली नाहीं. क्रेमेनला एका शब्दानें न विचारतां तिनें नांव दुसऱ्याच्या खातीं चढविलें.

न्यायालयानें तें नोव्हेंबर २००० मध्यें परत देवविलें आणि पुढें ६.५ कोटी डॉलरांचा हुकूमनामाहि केला. पण कोहेन तोंवर मेक्सिकोंत पसार झाला होता. खरा महत्त्वाचा निकाल २००३ चा. डोमेन नांव ही मालमत्ता आहे, आणि ती परक्याच्या हवालीं करणाऱ्या वहीवाल्यास जबाबदार धरतां येतें, असें अपील न्यायालयानें त्या वर्षीं ठरविलें.

मधल्या काळांत कारभारच पालटला होता. १९९८ सालीं आयकॅन ही नियामक संस्था निघाली आणि १९९९ पासून नोंदणीचा मक्ता मोडून स्पर्धा सुरू झाली. मूळ वही एकच राहिली, तिला रजिस्ट्री म्हणतात. तींत नोंदी करण्याचे परवाने मात्र अनेक रजिस्ट्रारांस मिळाले. हे जणूं परवानेदार अडते. एकाचा दर परवडला नाहीं तर ग्राहकानें आपलें नांव दुसऱ्याकडे न्यावें, अशी योजना होती. आतां, गिऱ्हाईक सुखासुखीं कोण सोडील? जुना अडत्या ग्राहकास पत्र पाठवी, ‘आपण खरोखरच जात आहांत काय?’ उत्तर आलें नाहीं कीं नकार समजून मागणी फेटाळी. अशी पत्रें न वाचतांच टाकून देण्याची रीत आपल्याकडेहि अपरिचित नाहीं. २००१ पर्यंत या अडवणुकीच्या तक्रारी फार वाढल्या. अखेर १२ नोव्हेंबर २००४ पासून आयकॅननें नियम उलटा केला: नव्या रजिस्ट्रारनें धन्याची संमति घ्यावी, जुन्यानें ५ दिवसांत सकारण हरकत घेतली नाहीं, तर नांव सुटलें असें समजावें. हा नियम ग्राहकाच्या सोयीसाठींच होता, हें विसरूं नये.

दोन महिने व्हावयाच्या आंत नव्हे, पण फार तर दोन महिन्यांनीं त्याची परीक्षा झाली. न्यूयॉर्कमधील पॅनिक्स ही लोकांस इंटरनेट पुरविणारी १९८९ पासूनची संस्था. शनिवार, १५ जानेवारी २००५ रोजीं तिला दिसून आलें कीं, आपलें नांव आपलें राहिलेंच नाहीं. मालकी ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न आयटी या रजिस्ट्रारकडे, पत्त्यांच्या नोंदी इंग्लंडांत, आणि ग्राहकांचें टपाल कॅनडांत! मेलबर्न आयटीनें संमति विचारण्याचें काम आपल्या दलालांवर सोपविलें होतें. या प्रसंगीं तें कोणीं केलेंच नाहीं. जुना रजिस्ट्रार गप्प होता, आणि मौनाचा अर्थ तर नियमानें आधींच लावून ठेवला होता. दाद मागावी, तर शनिवार-रविवार मेलबर्नची कचेरी बंद. ग्राहकांस तूर्त ‘डॉट नेट’ शेपटीच्या दुसऱ्या नांवानें या, असें सांगावें लागलें. मेलबर्नला सोमवार उजाडला तेव्हां नोंद मूळपदावर आली. परंतु जगभरच्या यंत्रांनीं साठविलेले जुने पत्ते पुसले जाण्यास आणखी अवधि लागला. दरम्यान परक्या दारीं गेलेलें टपाल कोणीं उघडलें असेल, या विचारानें किती जणांची झोंप उडाली असेल!

मग नियम पुन्हा उलटवावा काय? २००७ सालीं उलट बाजूचें दुःख दिसलें. रजिस्टरफ्लाय नांवाचा रजिस्ट्रार कोसळूं लागला. पैसे भरलेलीं नांवें मुदत संपून जात होतीं, आणि बाहेर पडूं पाहणारांस स्थलांतराचा गुप्त संकेत मिळत नव्हता. जळत्या घराचें दार बाहेरून लावून घ्यावें, तसा तो प्रकार. आयकॅननें मार्चमध्यें परवाना रद्द करण्याची नोटीस काढली. मे महिन्यांत साडेआठ लाखांहून अधिक नांवें गोडॅडी या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे एकगठ्ठा वळविण्यांत आलीं.

तेव्हांपासून कुलूप आणि किल्ली अशी तडजोड चालत आली आहे. धन्याच्या सांगण्यावांचून नांव हलूं नये म्हणून कुलूप. आणि धन्यानें मागितल्यावर ५ दिवसांत हातीं पडावा असा संकेत, ही किल्ली. २०१८ सालीं युरोपांत खासगी माहितीच्या रक्षणाचा कायदा लागू झाल्यावर धन्याचे पत्ते जाहीर वहींतून झांकले गेले. साहजिकच नव्या रजिस्ट्रारनें धन्यास पत्र लिहून विचारण्याची अट शिथिल करावी लागली, आणि किल्लीवरचा भार वाढला. ही किल्ली म्हणजे अक्षरांची एक ओळ. ती बहुधा ई-मेलनेंच येते. त्यांत अनेकांचा ई-मेल त्याच नांवावर चालतो. नांव गेलें, तर तक्रारीचें उत्तरहि चोराच्याच पेटींत जाऊन पडतें.