गणित आणि माणसाचा स्वभाव

गणिताचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित घरांतसुद्धां माणसांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "आम्हांला गणित कधीं जड गेलें नाहीं." दुसरा म्हणतो, "आमचा आणि गणिताचा उभा दावा." हे उद्गार नुसते गमतीचे असते तर त्यांची दखल घेण्याचें कारण नव्हतें. परंतु दहा वर्षांचा मुलगा त्रैराशिकांत दोनदां चुकला कीं "ह्याच्या डोक्यांत गणित नाहीं" असा निकाल घरांत दिला जातो. शाळेंत त्यावर शिक्कामोर्तब होतें. आणि त्या एका वाक्यानें त्याच्या पुढील आयुष्याच्या कित्येक वाटा बंद होतात. मुलीच्या बाबतींत तर पुष्कळ घरांतून हा निकाल परीक्षेपूर्वींच लागतो. या निकालामागें एक समजूत दडलेली असते. ती अशी कीं, गणिताचें डोकें म्हणून एकच एक वस्तु आहे. ती ज्याला लाभली त्याला लाभली, इतरांनीं तिची आशा धरूं नये.

ही समजूत कितपत खरी आहे? आंरी पॉंकारे या थोर फ्रेंच गणित्यानें 1905 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असें दाखवून दिलें कीं, खुद्द गणित्यांतही दोन प्रकृतीचीं माणसें असतात. कांहीं जण तर्काचें एकेक पाऊल पारखून पुढें जातात. कांहींना उत्तर आधीं अंतःचक्षूंनीं दिसतें आणि सिद्धता मागाहून सांपडते. हा भेद विषयाचा नसून स्वभावाचा आहे, असें त्याचें म्हणणें होतें. योगायोग असा कीं, त्याच 1905 सालीं डहाणू येथें एका मुलाचा जन्म झाला, ज्यानें पुढें नाशिकजवळच्या देवळालींत शाळामास्तरकी करतां करतां या म्हणण्याची एक निराळीच साक्ष जगापुढें ठेवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हें त्याचें नांव. परंतु देवळालीस जाण्यापूर्वीं, कापरेकर ज्या कॉलेजांत शिकले त्या पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत थोडें थांबलें पाहिजे. कारण एकच विषय निरनिराळ्या स्वभावांच्या हातीं पडला म्हणजे काय होतें, हें त्या कॉलेजाच्या गणिताच्या वर्गाइतकें स्पष्ट क्वचितच कोठें दिसेल.

फर्ग्युसन कॉलेज 1885 सालीं निघालें. तेथें आरंभीं गणित शिकविणाऱ्यांत बाळ गंगाधर टिळक होते. डेक्कन कॉलेजांत केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखा गुरु त्यांना लाभला होता आणि 1877 सालीं ते बी. ए. ची परीक्षा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाले होते. टिळकांची वृत्ति अशी कीं, प्रश्न जितका दुर्गम तितका त्यांना उत्साह अधिक. पाटीवर आंकडे मांडण्याऐवजीं उत्तर डोक्यांतल्या डोक्यांत काढावें, अशी त्यांची लहानपणापासूनची रीत सांगतात. पुढें राजकारणाच्या धकाधकींतही ही वृत्ति सुटली नाहीं. 1893 सालच्या 'ओरायन' या ग्रंथांत वसंतसंपात मृगशीर्षांत होता त्या काळाचें गणित मांडून त्यांनीं वेदांचें प्राचीनत्व इसवी सनापूर्वीं सुमारें 4000 वर्षांपर्यंत नेलें. तो सिद्धान्त सर्व विद्वानांनीं मान्य केला नाहीं. पण तो मांडणारा माणूस गणिताकडे गड सर करावयास निघालेल्या शिलेदाराप्रमाणें पाहत होता, यांत संशय नाहीं.

त्याच संस्थेंत गोपाळ कृष्ण गोखलेही गणित शिकवीत होते. त्यांचा स्वभाव अगदीं निराळा. त्यांना झेप आवडत नसे, सोपान आवडत असे. शाळेंतील मुलांसाठीं त्यांनीं अंकगणिताचें क्रमिक पुस्तक तयार केलें, तें पुष्कळ वर्षें चाललें. या पायरीपायरीनें जाणाऱ्या बुद्धीचें फळ देशाला 1902 सालीं मिळालें. त्या वर्षीं वरिष्ठ कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन असें दाखविलें कीं, तिजोरींतील शिल्लक हें प्रजेच्या भरभराटीचें लक्षण नसून जास्त कर वसूल केल्याचा परिणाम आहे. मिठावरील कर कमी करा, ही मागणी त्यांनीं जोरानें मांडली. पुढील वर्षीं तो कर मणामागें अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. गोखल्यांच्या हातीं गणित म्हणजे गरिबाच्या बाजूनें उभा राहिलेला वकील होता.

टिळक 1890 सालीं संस्थेंतून बाहेर पडले. दुसऱ्या वर्षीं गणिताच्या जागेवर धोंडो केशव कर्वे आले आणि 1914 पर्यंत त्यांनीं तेथें अध्यापन केलें. कर्व्यांच्या ठिकाणीं टिळकांची झेप नव्हती, गोखल्यांचें वक्तृत्व नव्हतें. बोलण्यांत ते संकोची. पण एकदां मनांत धरलेली गोष्ट हळूहळू, रोज थोडी थोडी करीत शेवटास नेण्याची चिकाटी त्यांच्यासारखी दुसऱ्या कोणाची क्वचितच असेल. 1893 सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, 1896 सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, 1916 सालीं महिला विद्यापीठ उभें केलें. दारोदार फिरून मिळविलेल्या लहान लहान देणग्यांतून हीं कामें उभीं राहिलीं. लहान राशींची दीर्घकाळ बेरीज केली म्हणजे केवढी संख्या होते, हें गणिताच्या या शिक्षकाला जितकें समजलें होतें तितकें एखाद्या मोठ्या संशोधकालाही समजलें असेल असें नाहीं.

याच कर्व्यांचे आतेमामे भाऊबंदांतील व त्यांच्याच आश्रयानें शिकलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे 1899 सालीं केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत सर्वांत वर आले आणि सीनिअर रँग्लर होणारे पहिले हिंदी गृहस्थ ठरले. त्या बातमीनें सारा महाराष्ट्र हर्षभरित झाला. ती परीक्षा म्हणजे वेग, अचूकपणा आणि कठोर तयारी यांची कसोटी होती. परांजप्यांची शांत, नेमस्त आणि शिस्तप्रिय बुद्धि या कसोटीस पूर्णपणें उतरली. परंतु त्यांचें पुढील आयुष्य नवीन सिद्धान्त शोधण्यांत गेलें नाहीं. 1902 पासून फर्ग्युसनचे प्राचार्य म्हणून आणि पुढें मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री म्हणून तें शिक्षणाच्या कार्यीं लागलें. त्यांच्यासाठीं गणित ही बुद्धीची तालीम होती. तालमींत कमावलेलें अंग त्यांनीं लोकांच्या कामीं लावलें.

येथें एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. या चौघांच्या स्वभावांपैकीं शाळेला ओळखतां आला तो मुख्यतः एकच, म्हणजे परीक्षेंत चमकणारा. पूर्वींच्या पंतोजींच्या शाळेंत पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांचें पाठांतर चाले. व्यापारउदिमाला तें फार उपयोगी पडे आणि त्या तोंडी हिशेबाची सफाई वाखाणण्यासारखी होती, हें कबूल केलें पाहिजे. पण तेथें गणित येणें याचा अर्थ पाठ असणें असा होता. नवी शाळा आली, तेव्हां त्याचा अर्थ घड्याळ लावून पेपर सोडविणें असा झाला. पहिल्या शाळेनें स्मरणशक्ति मोजली, दुसरीनें वेग मोजला. आणि दोहींनींही आपण गणिताची बुद्धि मोजली असें मानलें. खुद्द केंब्रिजमध्यें या परीक्षेवर कडक टीका झाली आणि 1909 नंतर तेथें रँग्लरांचे क्रम लावण्याची पद्धत बंद पडली. आपल्याकडे मात्र क्रमांकाचा मोह तसाच राहिला.

आतां देवळालीकडे वळूं. कापरेकर लहान असतांनाच त्यांची आई वारली. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता; आंकडेमोडीची गोडी मुलास तेथून लागली. ठाण्यास माध्यमिक शिक्षण झाल्यावर ते फर्ग्युसन कॉलेजांत आले. 1927 सालीं त्यांना गणितांतील स्वतंत्र लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक मिळालें. 1929 सालीं ते बी. एस्सी. झाले. पुढील पदवी त्यांनीं घेतली नाहीं. 1930 पासून 1962 सालीं निवृत्त होईपर्यंत ते देवळालीच्या शाळेंत शिक्षक होते आणि सर्व संशोधन त्यांनीं कागद, पेन्सिल व फावला वेळ एवढ्या भांडवलावर केलें.

त्यांचें संशोधन तरी कसलें? कोणतीही चार आंकडी संख्या घ्यावी. चारी आंकडे सारखे मात्र नसावेत. समजा, 3524 घेतली. तिचे आंकडे उतरत्या क्रमानें मांडले तर 5432 आणि चढत्या क्रमानें मांडले तर 2345. वजाबाकी 3087. आतां 3087 चें तसेंच करावें: 8730 वजा 0378, म्हणजे 8352. पुन्हां 8532 वजा 2358, म्हणजे 6174. येथें गाडी थांबते. कारण 7641 मधून 1467 वजा केले तरी 6174 च उरतात. कोणत्याही संख्येपासून निघालें तरी फार तर सात वजाबाक्यांत या मुक्कामास पोहोचतां येतें. 1949 सालीं कापरेकरांनीं पुढें मांडलेली ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते.

त्यांचा संख्यांशीं असलेला संबंध त्यांनीं दिलेल्या नांवांवरूनच दिसतो. आपल्या आंकड्यांच्या बेरजेनें जिला निःशेष भाग जातो तिला ते 'हर्षद' म्हणत, कारण ती आनंद देते. 1729 ही तशी आहे. तिच्या आंकड्यांची बेरीज 19, आणि 19 गुणिले 91 म्हणजे 1729. जी संख्या दुसऱ्या कोणत्याही संख्येंत तिच्याच आंकड्यांची बेरीज मिळवून तयार होत नाहीं, ती त्यांच्या दृष्टीनें देवाच्या मूर्तीसारखी 'स्वयंभू'. 20 ही अशी संख्या आहे. स्वयंभू संख्यांना त्यांनीं 'देवळाली संख्या' असेंही नांव दिलें. आज डोंबिवली म्हणून प्रसिद्ध असलेल्या रेल्वे स्टेशनाच्या जुन्या नांवावरून त्यांनीं आणखी एका जातीला 'डेम्लो' म्हटलें; 121, 12321, 1234321 या संख्या त्या कुळांतल्या. 11, 111 आणि 1111 यांचे ते वर्ग होत. टिळकांना गणित गडासारखें वाटलें, गोखल्यांना साक्षीपुराव्यासारखें. कापरेकरांना तें शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखें वाटलें. प्रत्येकाचा स्वभाव पाहावा, प्रत्येकाला नांवानें हांक मारावी, अशी ही जिव्हाळ्याची वृत्ति होती.

या वृत्तीला विद्यापीठांत मान मिळणें कठीण होतें. कांहीं विद्वान त्यांच्या कामास क्षुल्लक समजत. त्या आक्षेपांत मुळींच तथ्य नव्हतें असें नाहीं. आधुनिक गणित व्यापक सिद्धान्त आणि कठोर सिद्धता मागतें. कापरेकरांचे बरेच चमत्कार दशमान पद्धतीनें संख्या लिहिण्यावर अवलंबून आहेत, म्हणजे कांहीं अंशीं माणसाला दहा बोटें आहेत यावर! पण दुसरी बाजूही विसरतां कामा नये. कापरेकर लहान लहान पुस्तिका स्वतः छापीत राहिले, परिषदांना जात राहिले, शाळा-कॉलेजांतून व्याख्यानें देत राहिले. मार्च 1975 मध्यें अमेरिकेतील 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकांत मार्टिन गार्डनर यांनीं त्यांच्याविषयीं लिहिलें, तेव्हां देवळालीचे हे मास्तर सत्तरीचे होते आणि निवृत्त होऊन 13 वर्षें लोटलीं होतीं. 1986 सालीं ते वारले. ज्या त्यांच्या प्रश्नांना कोणी क्षुल्लक म्हणत असे, त्यांवर आज पुष्कळ देशांतील गणिती निबंध लिहितात. आणि वजाबाकी येणारें चौथीतलें पोरही 6174 च्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनीं जाऊं शकतें. विद्यापीठांतील पुष्कळ सिद्धान्तांना ही दुसरी योग्यता नाहीं.

यावरून प्रत्येक मूल गणिती होईल असें कोणी समजूं नये. कुवत कमीअधिक असतेच, आणि पाढे पाठ करण्याचे श्रमही कोणाला चुकत नाहींत. मात्र कुवत मोजण्यापूर्वीं स्वभाव ओळखावा, एवढें या इतिहासावरून निश्चित दिसतें. एका मुलाला अवघड कोडें द्यावें म्हणजे तो पेटून उठतो. दुसऱ्याला प्रत्येक पायरीचें कारण सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं; तो मंद नसतो, सावध असतो. तिसऱ्या मुलीला नुसत्या आंकड्यांत रस नसतो, पण घरखर्चाची वही तिच्या हातीं दिली म्हणजे तिला टक्केवारी समजूं लागते. चौथा वहीच्या कडेला उगीच आंकडे उलटेसुलटे मांडीत बसतो, आणि वेळ फुकट घालवतो म्हणून बोलणीं खातो.

या चौथ्या मुलाला रागें भरण्यापूर्वीं देवळालीच्या मास्तरांची आठवण व्हावी. तेही आयुष्यभर आंकडे उलटेसुलटे मांडीत बसले होते.