तेहतीस पानं

1938 साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातल्या एका वकिलाने बाल्टिमोरच्या डॉक्टर लिओ कॅनरना पत्र पाठवलं. टाइप केलेली 33 पानं! मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, वय पाच. वस्तू गरगर फिरवत तासन् तास बसतो, तेच तेच शब्द म्हणतो, घरात कोण आलं-गेलं याकडे ढुंकून बघत नाही. पण ऐकलेलं सगळं तोंडपाठ. आदल्या वर्षी डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला एका संस्थेत ठेवलं होतं, आईबापांनी त्याला परत घरी आणलं. पुढे 1943 मध्ये कॅनरनी 11 मुलांवर जो निबंध लिहिला, त्यात पहिला मुलगा हाच. 'ऑटिझम' हा शब्द त्याआधी स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी वेगळ्या अर्थाने काढला होता. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. मराठीत आपण त्याचं 'स्वमग्नता' केलं. आमच्या जैन घरात स्वतःत मग्न होणं ही मुनिमहाराजांची स्तुती असते, त्यामुळे हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा सासूबाईंना वाटलं, नातवाचं कौतुकच चाललंय.

मला या इतिहासात सगळ्यात जास्त ती 33 पानं आवडतात. डॉक्टर नंतर आले. आधी घरात कोणीतरी रोज बघत होतं आणि मनात नोंदवत होतं.

आणि याच माणसांवर पुढे खटला भरला गेला. ही मुलं जन्मतःच अशी असतात, असं कॅनरनी म्हटलं होतं, पण त्यांचे आईबाप शिकलेले आणि थंड असतात असंही लिहून ठेवलं. मानसशास्त्राच्या दुनियेने त्यातलं दुसरंच उचललं. 'रेफ्रिजरेटर मदर' हा शब्द रूढ झाला. 1967 मध्ये ब्रूनो बेटेलहाइम यांचं 'द एम्प्टी फोर्ट्रेस' आलं आणि दोष आईचा, हे घरोघरी पोचलं. हा माणूस स्वतः नाझींच्या छळछावणीत राहून आलेला, आणि त्याने या मुलांची अवस्था छावणीतल्या कैद्यांसारखी मानली. म्हणजे पहारेकरी कोण? आई!

आमच्याकडे रेफ्रिजरेटर म्हणत नाहीत, पूर्वकर्म म्हणतात. एका आत्याबाईंनी मला तोंडावर सांगितलं, 'तुझंच काहीतरी मागचं असणार गं.' मी शांतपणे म्हटलं, आपल्या शास्त्रात प्रत्येक जीव स्वतःचं कर्म स्वतः भोगतो. आईचं कर्म पोराच्या खात्यावर जमा करायची सोय नाही. त्यांनी विषय बदलला.

खटला पालटला तोही आईबापांनीच. बर्नार्ड रिमलँड नौदलातले मानसशास्त्रज्ञ, मुलगा ऑटिस्टिक. 1964 मध्ये त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं की कारण शरीरात आहे, लाडात किंवा रागात नाही. लंडनमध्ये 1962 साली पालकांनी संस्था काढली. त्यांत लोर्ना विंग होत्या, मानसोपचारतज्ज्ञ आणि ऑटिस्टिक मुलीची आई. ऑटिझम हा एकच साचा नसून पट्टा आहे, हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला 'स्पेक्ट्रम'चा विचार त्यांचाच. 1969 मध्ये खुद्द कॅनर पालकांच्या सभेत उभे राहिले आणि त्यांना निर्दोष म्हणाले. 1977 साली फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासून यात आनुवंशिकता असते हे दाखवलं, तेव्हा बेटेलहाइमच्या मताला आधारच उरला नाही.

आपल्याकडे हे उशिरा आलं. दिल्लीत मेरी बरुआ यांनी स्वतःच्या मुलामुळे 1991 मध्ये 'ॲक्शन फॉर ऑटिझम' सुरू केलं. पण 1995 च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हता. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला, आणि 2012 च्या दुरुस्तीने शिक्षणहक्कातही. 2016 च्या कायद्याने यादी 21 वर नेली, तीत तो आहे.

मी हे वडोदऱ्यात बसून लिहिते, म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लावला. पोराला शाळेत घातलं नाही तर बापाला दंड! त्याच महाराजांच्या गावात मी लेकाची फाइल काखेत धरून शाळांच्या पायऱ्या चढले. एका मोठ्या शाळेतल्या बाईंनी गोड हसून म्हटलं, 'बेन, बीजे तपास करो ने.' दंडाची तरतूद कोणावर लावावी, हा प्रश्न मला त्या दिवसापासून पडलेला आहे.

प्रमाणपत्रासाठी भारतीय बनावटीची चाचणी आहे, 40 मुद्द्यांची. त्यातलं बरंचसं आईला विचारूनच कळतं. नजर देतो का, बदल सहन होतो का. माझ्याकडे उत्तरं तयार होती, कारण मीही वह्या भरते.

त्यातलं एक पान चौविहाराचं. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण. नियम पक्का, म्हणून अशा मुलाला सोयीचा, असं लोकांना वाटतं. पण सूर्य काही पक्का नाही! वडोदऱ्यात डिसेंबरात सहाच्या आधी मावळतो, जूनअखेर साडेसातच्या सुमारास. काल 6:40 ला ताट, आज 6:39 ला, म्हणजे आमच्या घरी आकांत. 'चल, जेवायला ये' या वाक्याने काही होत नव्हतं. मग सूर्यास्ताच्या वेळांचा छापील कागद मिळतो तो फ्रिजवर लावला. त्यात उद्याचा आकडा आधीच छापलेला असतो. आता तोच मला हाक मारतो, मिनिटासकट.

दुसरं पान अलकापुरीच्या गरनाळ्याचं. रेल्वेखालून जाणारा हा रस्ता पावसात भरतो आणि बंद होतो. सयाजीगंजला त्याचा क्लास. रस्ता बदलला की तो रिक्षातून खाली बसायचा, कानांवर हात, आणि मागे हॉर्नची रांग. आरडाओरडा करणाऱ्यांना समजावत बसले तर तो आणखी बिथरतो, म्हणून मी फक्त त्याच्याकडे बघते. घरी कागदावर दोन रस्ते काढले: निळा गरनाळ्याचा, लाल जेतलपूर पुलाचा. निघण्याआधी मी खिडकीतून पाऊस बघते, तो कागद बघतो. या आषाढात गरनाळं दोनदा बंद झालं. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी त्याने बोट लाल रेघेवर ठेवलं आणि रिक्षावाल्या काकांना म्हणाला, 'पूल.'